एकाने वाचावे, घराने ऐकावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, 15 ऑक्टोबरला, राज्यभर 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. शाळांत पुस्तके मांडली जातात, मुले तासभर वाचतात आणि त्याची छायाचित्रे वरिष्ठांकडे रवाना होतात. त्या मुलांना संध्याकाळी घरी मात्र कोणाच्याच हातात पुस्तक दिसत नाही, आणि त्याबद्दल आपण पालक सोयीस्कररीत्या मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये यावर साधा तोडगा काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे, असे गावाने ठरवले. शहरातल्या सदनिकांत भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी ते काम कुकरची शेवटची शिट्टी करते. त्यानंतर सगळ्यांचे फोन फ्रीजवर जातात आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी आमची सहावीतली मुलगी अर्धा तास मोठ्याने मराठी वाचते. मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेल्या सासूबाई समोर गवार मोडत बसलेल्या असतात आणि एखादे जोडाक्षर चुकले की मान वर न करता दुरुस्त करतात. परवा 'माजघर' या शब्दाशी गाडी अडली, तेव्हा त्यांनी आपल्या माहेरचे माजघर, त्यातली उतरंड आणि दुपारचा अंधार इतक्या तपशिलाने सांगितला की त्या दिवशी पुस्तक अर्ध्या पानावरच राहिले. प्रत्येकाने आपापले पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा मला हीच रीत अधिक आपली वाटते, कारण चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि अक्षरओळख नसलेल्यांसह साऱ्या घराने ती ऐकावी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

अडचण येते ती पुस्तके मिळवताना. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अनुदानित वाचनालयांचे जाळे उभे राहिले. परंतु आमच्या भागातील वाचनालय नोकरदार घरी परतण्याआधीच बंद होते, रविवारी उघडतच नाही, आणि तेथे प्रत्येकाची वर्गणी वेगळी भरावी लागते. अशा वाचनालयांनी रविवारी सकाळी दोन तास दार उघडे ठेवावे आणि एका वर्गणीत कुटुंबाला एका वेळी तीन-चार पुस्तके द्यावीत, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली नम्र,
एक पालक, सातारा