नावं विचारायची राहूनच गेली

आमच्या इमारतीचा गिलावा, फरशी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं तुम्ही केलंत. पत्र्याच्या शेडमध्ये राहिलात आणि आम्ही राहायला आलो तेव्हा पुढच्या साइटवर गेलात. तुमचे आभार मानायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

२४ मार्च २०२०च्या रात्री चार तासांच्या मुदतीवर देश बंद झाला. आम्ही घरात बसलो. तुमची रोजी थांबली, मग शिधा संपला. मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं घेऊन तुम्ही कसारा घाट चढत होतात, तो मे महिन्यातल्या उन्हात. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटू लागल्या खऱ्या, पण त्यात जागा मिळायची म्हणजे अर्ज, वैद्यकीय दाखला आणि फोन कधी येतो याची वाट. पोट इतकं थांबतं का?

८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सोळा जण गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले कामगार, गाव मध्य प्रदेशात. भुसावळला गाडी मिळेल म्हणून रात्रभर चालले, थकून रुळावरच झोपले. रुळांवर विखुरलेल्या त्या पोळ्यांचा फोटो आठवला की आजही घास अडकतो.

त्या वर्षी पावसात आमची गच्ची गळली नाही. शेजारची अर्धवट इमारत मात्र कित्येक महिने तशीच उभी होती. मग तुमच्यातले काही परत आले. कसे आलात, ते तुम्हालाच ठाऊक.

भावांनो, मायबहिणींनो, उशीर झालाय. तरी मनापासून आभार.