उन्हाळ्याचं काम दिवाळीत

सातारा,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुला पुण्याच्या गाडीत बसवून घरी आलो, तर तुझी आई डबे मोजत बसली होती. स्टीलचा एक कमी भरतोय. मागच्या खेपेचा तुझ्याच खोलीवर असणार, तेवढा पुढच्या वेळी आण.

एवढ्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही, हे मलाही कळतं. पण फोनवर तू ‘हो अप्पा, बघते’ म्हणतेस आणि तुझं ‘बघते’ म्हणजे काय, ते गेल्या एप्रिलात मी पाहिलंय. परीक्षा संपायला आठ दिवस राहिले असताना तुझा फोन आला होता. सुट्टीत काहीतरी काम करायचंय, सरकारी संस्थेत मिळालं तर बरं, चार पैसेही मिळतील. मग आपण दोघं रात्री अकरापर्यंत शोधत बसलो आणि जिथे जाऊ तिथे अर्जाची मुदत केव्हाच उलटून गेलेली. तू चिडलीस. ‘उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज थंडीत कोण मागवतं?’ म्हणालीस. सगळेच मागवतात बाळ. म्हणून आज, फराळाचं तेल हाताला लागलेलं असतानाच, लिहायला बसलोय.

आधी तुझ्या मनात जे अडलंय ते. परवा जेवताना तू म्हणालीस, की तुझ्या मैत्रिणीला कुठल्याशा कंपनीत इंटर्नशिप मिळतेय आणि आपण मात्र ‘सरकारी योजना’ शोधतोय, ते कसंतरीच वाटतं. मी तेव्हा गप्प बसलो, कारण आजी समोर होती आणि ती गोष्ट तिच्यासमोर सांगायला मला अजूनही संकोच वाटतो.

१९८७ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी गावाकडे पाऊस नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीला आलो तेव्हा विहीर खडखडीत, बैल विकलेले आणि पुढच्या वर्षाची फी डोक्यावर. गावाजवळ रोजगार हमीचं काम चालू नव्हतं. कायदा असा होता, की काम पाहिजे त्याने नमुना चारमध्ये लेखी मागणी करायची, कचेरीने नमुना पाचमध्ये पावती द्यायची आणि पंधरा दिवसांत काम द्यायचं. नाहीच दिलं तर बेकारी भत्ता, रोजचा एक रुपया! पण नवीन काम काढायचं तर निदान पन्नास मजूर लागत. मी आणि आणखी दोघं शिकणारी पोरं घरोघर फिरलो, अर्ज लिहिले, अंगठे घेतले. छप्पन्न झाले. कारकुनाने गठ्ठा ठेवून घेतला आणि म्हणाला, ‘जा, कळवतो.’

मी निघालोही होतो. शिकलेला असून माझ्या लक्षात आलं नाही ते आजीच्या आलं. पावती नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीख नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? तिने कचेरीच्या पायरीवर बसकण मारली. ‘पावती घेतल्याबिगर उठत न्हाई,’ एवढंच म्हणाली. तिच्या शेजारी आणखी चार बाया बसल्या. दुपारी तीनला छप्पन्न पावत्या मिळाल्या आणि बाराव्या दिवशी पाझर तलावाचं काम निघालं.

मी खणायचो, आजी पाटी उचलायची. चौकडी म्हणजे मापाचा चौकोनी खड्डा, तो खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा असतो, किती खोल गेलो ते त्यावरून मोजतात. पहिल्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, मी तोही खणून टाकला. सगळं कसं साफसूफ, गुळगुळीत! माप घ्यायला आलेला माणूस हसला आणि त्याने अंदाजाने लावलं ते माप आमच्या खणण्याच्या निम्मंही नव्हतं. आजी मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी टिकाव उचलला तेव्हा तिने आधी खुंटाभोवती पायाने रेघ ओढली आणि मग पाटी घेतली. पहिल्या आठवड्याचे आम्हा दोघांचे मिळून एकाहत्तर रुपये आले. बाई म्हणून तिचा दर वेगळा नव्हता, तेव्हा शेतावर मात्र वेगळा असायचा.

जूनमध्ये कॉलेजात परत गेल्यावर मित्रांना सांगितलं, मामाकडे होतो. हाताचे घट्टे विचारले तर म्हणालो, विहिरीचं काम काढलं होतं. तुला जे ‘कसंतरीच’ वाटतंय ना, ते मला असं जवळून माहीत आहे.

पुढे नोकरी लागली आणि पहिल्या पगारपत्रकात व्यवसाय कराची कपात दिसली. आता ती महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये. हा कर राज्याने १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठीच. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, अशी रचना होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली ही योजना. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचं काम पोसायचं, असा सरळ हिशेब. मी त्यातून खाल्लं आणि आज पस्तीस वर्षं त्यात भरतोय. कुठल्या संस्थेने उद्या तुला दोन महिन्यांचा भत्ता दिला, तर तो घेताना माझं पगारपत्रक आठव आणि खुशाल सही कर.

फरक आहे तो एकच आणि तो तुझ्या विरुद्ध जाणारा आहे. मला काम हक्काने मिळालं, कारण ते माती खणायचं होतं. तुझं काम टेबलाशी बसून करायचं आहे, पण त्याला हक्क नाही, निवड आहे. पावतीसाठी पायरीवर बसून तुला ते मिळायचं नाही. वेळेत अर्ज करणं, एवढंच तुझ्या हातात.

आता कामाचं. तू संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेस, ही या सगळ्यासाठी अगदी नेमकी जागा आहे, कारण बहुतेक ठिकाणी शेवटच्या आधीचं वर्षच लागतं.

पहिला अर्ज तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचा. बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची, अशा तिघी मिळून ती देतात. पैसा शेवटी केंद्र सरकारचाच. दोन महिने कुठल्यातरी संस्थेत एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, महिन्याचा भत्ता आणि जाण्यायेण्याचं रेल्वेचं भाडं. गणितात तुझा विषय बसतो. अर्ज साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतात, म्हणजे तुझ्या हातात महिनाच आहे. तीन गोष्टी लागतील: गुणपत्रिका, काय करायचंय त्याचं छोटं टिपण आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र. गुणपत्रिका तुझ्याकडे आहे. टिपणात ‘मला लहानपणापासून गणिताची आवड’ असं लिहू नकोस, मी तीस वर्षं वह्या तपासतोय, त्या वाक्यानंतर पुढचं वाचवत नाही. तुझ्या बी.एस्सी.च्या प्रकल्पात पावसाच्या आकडेवारीत मधली वर्षं गहाळ होती आणि ती भरून काढताना तुझं सरांशी वाजलं होतं, ते लिही. तुझं काय चुकलं तेही लिही. खुंट दिसू दे.

शिफारसपत्राचं मात्र जपून. तू म्हणालीस, मॅडमना कॉरिडॉरमध्ये सांगितलंय, त्या ‘हो’ म्हणाल्यात. म्हणजे पावती न घेता कचेरीतून निघालीस की! मॅडमना आजच मेल कर, त्यात शेवटची तारीख लिही, तुझं टिपण आणि गुणपत्रिका जोड म्हणजे त्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी एकदा विनयाने आठवण कर. शिक्षक विसरतात ते वाईटपणाने नव्हे, त्यांच्याकडे अशी तीस पोरं असतात. मीही विसरलोय. एका मुलाचं वर्ष त्यात गेलं आणि अजून रस्त्यात भेटला की मला आधी त्याचे पाय दिसतात.

दुसरा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी प्रशिक्षणाचा. रिझर्व्ह बँक म्हणजे सरकार नव्हे, हे तू मला ऐकवशील. असू दे. अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा, व्यवस्थापन यांच्या बरोबरीने संख्याशास्त्राची मुलंही घेतात, देशभरातून जास्तीत जास्त १२५. एप्रिल ते जुलैच्या दरम्यान, फार तर तीन महिने, महिना २०,००० रुपये. अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापासून १५ डिसेंबरपर्यंत चालतात, म्हणजे खिडकी आत्ता उघडी आहे. मुलाखत घेतात. १२५ जागा आणि अख्खा देश, तेव्हा नाही मिळालं तर रडायचं नाही. पण अर्ज न करता ‘आपल्याला कुठे मिळतंय’ म्हणालीस तर मी ऐकून घेणार नाही.

तिसरं, दिल्लीतलं सांख्यिकी मंत्रालय. त्यांच्याकडेही विद्यार्थ्यांना घेतात, आणि तू ज्या नमुना सर्वेक्षणांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहितेस त्या तिथेच होतात. माझ्या मते तुझ्यासाठी हेच सगळ्यांत चांगलं, पण तू बंगळूरचंच मनात धरलंयस, ते धर. नीती आयोगाचंही नाव तू घेतलं होतंस. तिथे इंटर्नशिप आहे, पण बिनपगारी. दिल्लीत दोन महिने खोली, जेवण आणि वर कागदावर मोठं नाव. ते ज्यांना परवडतं त्यांनी करावं.

आणि दोन ठिकाणी वेळ घालवू नकोस. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, पदवीधरांना महिना १०,००० देणारी, गावातल्या प्रत्येक फलकावर दिसते. पण ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. तशीच पंतप्रधान इंटर्नशिप योजना. २०२४ ला निघाली तेव्हा तिला २१ ते २४ वय, वर्षभर काम, महिना ५,००० (त्यातले ४,५०० सरकारचे) असं होतं आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती चालत नव्हती. वय बसतंय म्हणून तू अर्ज भरशील आणि तिसऱ्या पानावर ‘आपण पात्र नाही’ येईल. तुझ्या आतेभावाचं झालंय तसं.

कुणी नोंदणीसाठी ४९९ रुपये मागितले तर तिथूनच मागे फिर. मी सांगितलेल्यांपैकी कुणी अर्जाला पैसे घेत नाही. पत्ता बघ, जाहिरात मूळ संस्थेच्याच पानावर आहे का ते बघ, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नकोस, मग ती मी पाठवलेली का असेना.

सगळीकडून नकार आला, तर तुझ्या विद्यापीठातली कमवा व शिका योजना आहेच. साताऱ्यात वाढलेल्या मुलीला कर्मवीरांची ती कल्पना मी समजावून सांगायची गरज नाही. ग्रंथालयात रोजचे दोन-तीन तास, तासावर पैसे. सुट्टीत काम चालू राहतं का, हे विद्यार्थी विकास मंडळात आत्ताच विचारून ठेव, एप्रिलमध्ये नको. मी स्वतः कॉलेजात त्यातूनच बागेला पाणी घालायचो आणि गुलाबाची कलमं मला अजून येतात.

एक वही कर. डावीकडे संस्थेचं नाव, मग शेवटची तारीख, अर्ज क्रमांक, कुणाला मेल केला आणि कधी. अर्ज भरून झाला की शेवटचं पान उतरवून मला पाठव. त्यातलं मला काही कळो न कळो, पाठव. नमुना पाच समज.

आजीला मी सांगितलं, तुला पत्र लिहितोय. तिने विचारलं, ‘पोरीला काम मिळंल का?’ म्हटलं, मे महिन्यात कळेल. तर म्हणाली, ‘मग आत्तापासनं कशाला तिच्या मागं लागलायस?’ तेव्हा या बाबतीत तिचा आधार घेऊ नकोस, ती नातीच्या बाजूने बोलते.

टिपणाचा पहिला खर्डा शनिवारपर्यंत पाठव. इंग्रजी तुझ्या मैत्रिणीकडून तपासून घे, माझ्याकडून नको.

तुझे,
अप्पा

ता. क. बेसनाचे लाडू आधी संपव, चिवडा टिकतो. आणि तो डबा.