जांबोटीच्या वाटेवर भेटलेल्या तिघांना

गेल्या रविवारी जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना आमच्या जुन्या जीपचं पुढचं डावं चाक घरघरायला लागलं. चाकाच्या मधल्या भागाला, हबला, हात लावता येईना, इतका तापलेला. भर पावसात थांबून जॅक लावून देणारे दूधगाडीवाले दादा आणि खानापुराहून दुचाकीवर बेअरिंग घेऊन आलेला पोरगा, तुमचे मनापासून आभार.

आणि मिस्त्री मामा, तुमचे तर किती मानू? मी म्हणत होतो, बेअरिंगचा कोन (रोलर असलेला भाग) तेवढा बदला, कप (ते रोलर ज्यात फिरतात ते कडं) राहू दे. तुम्ही माझं बोट धरून जुन्या कपावरून फिरवलंत. खड्डे हाताला लागले. "जुन्या कपात नवा कोन घातलास तर तोही लवकरच खराब होणार." मग आतलं-बाहेरचं दोन्ही बेअरिंग कपासकट नवं, ऑइल सीलही नवं. पितळी दांड्याने कप सरळ बसवलात, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांत दाबून भरलंत. चाक फिरवत नट आवळला, किंचित सैल केला, मग लॉक वॉशरची कड दुमडली. मजुरी मात्र घेतली नाहीत.

गडबडीत तिघांचीही नावं विचारायची राहिली. मामा, बेळगावात पोचल्यावर हबला हात लावून बघितला. नुसता कोमट होता.