लिहायला शिकवणारा संध्याकाळचा वर्ग आपल्याकडेही हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची, गेली पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते, पण सकाळचा चहा अजून तुमच्या पेपरबरोबरच होतो, आता तो फोनवर उघडते एवढंच. दहावी-बारावीचे रिझल्ट लागले की तुमची करिअरची पानं येतात तीपण वाचते, कारण भाचरं त्या वयात आहेत. इंजिनिअरिंग, फार्मसी, डिझाइन सगळं असतं त्यात, साहित्य मात्र कुठेतरी कोपऱ्यात, आणि चाळिशीतल्या माणसाने काही शिकावं असं तर कुठेच नसतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी बीकॉम. मराठी घेऊन बीए करायचं होतं पण घरी नको म्हणाले, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही, वडिलांच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसं होती. मग लग्न, इकडे येणं, मुलं. मुलगी हायस्कूलला गेली तेव्हा मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात क्रिएटिव्ह रायटिंगच्या संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते थोडं सांगते. सरकारी, मुख्यतः दोन वर्षांचं कॉलेज, अमेरिकेतलं पहिलं १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट गावी निघालं, ते अजून चालू आहे. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि वीस लाखांच्या आसपास लोक तिथे शिकतात. टक्के विचारत नाहीत, एन्ट्रन्स नाही, वयाची अट नाही. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटची (म्हणजे क्रेडिटची) फी ४६ डॉलर, माझा क्लास तीन युनिटचा, म्हणजे १३८ डॉलर आणि वर किरकोळ. ज्यांना पुढे डिग्री करायची ते दोन वर्षं इथे करून मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात, त्यात खूप पैसे वाचतात.

इथल्या आपल्याच मराठी लोकांत मात्र कम्युनिटी कॉलेज हा शब्द जरा आवाज खाली करून उच्चारतात, चांगल्या ठिकाणी नंबर लागला नाही म्हणून गेला असं. मला हे मनापासून लागतं. लेखिका ऑक्टेव्हिया बटलर याच राज्यातल्या पॅसाडिना सिटी कॉलेजात शिकली, आई लोकांच्या घरी कामं करायची, वडील लहानपणीच गेलेले, तिला १९६८ मध्ये तिथली दोन वर्षांची डिग्री मिळाली, आणि १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळवणारी ती पहिली विज्ञानकथा लेखिका ठरली. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स शिकागोच्या एका ज्युनिअर कॉलेजातून (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, कम्युनिटी कॉलेजचंच जुनं नाव) १९३६ मध्ये बाहेर पडली, पुढे शिकलीच नाही, आणि १९५० चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक तिला मिळालं, कृष्णवर्णीय लेखकाला मिळालेलं ते पहिलंच.

आता माझा क्लास. आम्ही बावीस जण होतो. एक नर्स ड्युटी संपवून थेट युनिफॉर्ममध्येच यायची, एक रिटायर झालेले पोस्टमन, सैन्यातून परत आलेला एक मुलगा, एक व्हिएतनामी आजी, आणि बाकी अठरा-एकोणीसची पोरं. पहिले काही आठवडे नुसतं वाचायचं, पण परीक्षेसाठी वाचतो तसं नाही. ही कथा इथूनच का सुरू केली असेल, हा माणूस दुसऱ्या पानावर आला असता तर काय बिघडलं असतं, असे प्रश्न. शाळेत आम्ही कवितेचं रसग्रहण गाइडमधून पाठ केलं त्यामुळे मला आधी काही सुचायचंच नाही. मग वर्कशॉप. आपली गोष्ट सगळ्यांना एक आठवडा आधी द्यायची, सगळे वाचून त्यावर लिहून आणतात, आणि वर्गात आपल्या गोष्टीवर बोलणं चालू असतं तेव्हा आपण गप्प बसायचं, समजावून सांगायचं नाही. फार अवघड असतं ते! पण तेव्हा कळतं की आपल्या डोक्यात जे होतं ते कागदावर आलेलंच नाही.

मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर लिहिलं होतं, लहानपणी शाळेचा रस्ता तिथूनच होता. पंढरपूरकडून येणारे मोठे भोपळे, त्यांची रास, ठोकाठोक, आणि एक वाक्य होतं की त्या गल्लीला एक वेगळाच वास यायचा. त्या आजींनी तेवढंच वाक्य अधोरेखित केलं आणि विचारलं, कसला वास? मला सांगता येईना. घरी येऊन दादाला मिरजेला फोन केला, तो बिचारा दुसऱ्या दिवशी मुद्दाम गल्लीत जाऊन उभा राहिला आणि तिथूनच फोनवर म्हणाला, अगं चपड्याचा आणि स्पिरिटचा, पॉलिश चाललंय. माझ्या अंगावर काटा आला, इतकी वर्षं तो वास मला आठवत होता आणि त्याला नाव नव्हतं. ती गोष्ट मी चार वेळा लिहिली. आधी मराठीत लिहायचे मग इंग्रजीत, आणि प्राध्यापकबाईंनी तुंबा (सतारीचा भोपळा), तबली (त्यावरची लाकडी पाटी) हे शब्द तसेच ठेव म्हणून सांगितलं.

सगळं छानच आहे असं नाही. पुढच्या सेमिस्टरचा वरचा क्लास पुरेशी नावं आली नाहीत म्हणून सुरू व्हायच्या आधीच रद्द झाला आणि आम्ही सात-आठ जण तसेच राहिलो. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची गावोगावची व्याख्यानं वडिलांबरोबर मी ऐकलीत, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून किती जणांना घरी बसून पदवी दिली, दोन दिवसांच्या लेखन कार्यशाळाही होतात. पण व्याख्यानात आपण ऐकतो, आणि दोन दिवसांत कुणी तुमची गोष्ट चार वेळा वाचत नाही. यूजीसीनेही बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजांची योजना काढली होती, तिचा भर नोकरीच्या कौशल्यांवर, तेही हवंच, पण लिहिणं हेसुद्धा कौशल्य आहे आणि तेही शिकवता येतं हे मी स्वतः बघितलं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं, आनंदच आहे, पण सांगलीतल्या बँकेत काम करणाऱ्या किंवा इस्लामपुरात दुकान चालवणाऱ्या माणसाला रिद्धपूर लांब पडतं. त्याला जवळच्या कॉलेजात आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन तास, सोळा आठवडे, एक मन लावून वाचणारा शिक्षक आणि वीस माणसं मिळाली तर? खोली आहे, ट्यूबलाइट आहेत, मराठीचे नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर दिवस काढतायत. परवडेल अशी फी ठेवा, शेवटी क्रेडिट द्या, आणि वय विचारू नका.

तुमच्या करिअर पानावर एकदा तरी हा विषय घ्या अशी विनंती आहे. मिरजेतल्या कॉलेजांत संध्याकाळी सहानंतर वर्ग रिकामे असतात का ते दादाला विचारलंय, तो जाऊन बघून सांगतो म्हणालाय.

आपली,
एक वाचक, मिरज (सध्या कॅलिफोर्निया)