परदेशातल्या आत्याचा फोन लागत नाही तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं अमेरिकेत आणि आईवडील मुंबईत एकटे, या विषयावर आपल्याकडे अधूनमधून काहीतरी छापून येतंच. २०१७ साली अमेरिकेहून आलेल्या मुलाला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बंद फ्लॅटमध्ये आईचा सांगाडाच सापडला, ती बातमी अजून कुणी विसरलेलं नाही. पण याच गोष्टीची उलटी बाजू मला कुठे वाचायला मिळत नाही. १९६५ साली अमेरिकेने देशवार कोट्याचा जुना कायदा बदलला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर, इंजिनियर आणि त्यांच्या बायका तिकडे गेल्या. ती माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कुणाला मूलबाळ नाही, कुणाची मुलं विमानाने चार-पाच तासांवर. जोडीदार गेलेला. मग त्यांची विचारपूस करणारं कोण उरतं, तर डोंबिवलीतला पुतण्या नाहीतर माझ्यासारखी मुलुंडची भाची. तो तिकडचा फोन एके दिवशी गप्प झाला तर इथे बसून नेमकं करायचं काय, हे आम्हाला कुणी सांगत नाही. गेल्या जानेवारीत आमच्या घरात जे घडलं त्यावरून चार गोष्टी लिहिते. जागा असेल तर छापाव्यात.

माझी आत्या ओहायोत डेटनजवळ राहते. तिचे यजमान तिथल्या एनसीआर कंपनीत लागले म्हणून १९७१ साली ती गेली, ती तिकडचीच झाली. मूल नाही. यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली. बैठं घर आहे, या वयात अजून स्वतः गाडी चालवते (मला पसंत नाही, पण मला विचारतो कोण). दर रविवारी आपल्या संध्याकाळी तिचा व्हॉट्सॲपवर फोन येतो. मटारचा भाव काय, गिरगावातल्या आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं, आणि तुझ्या गुडघ्याचं काय, असे तिचे तीन ठरलेले प्रश्न. त्या रविवारी फोन आला नाही. मी केलेला वाजला नाही. मेसेजला एकच टिक.

मी बॉम्बे टेलिफोन्समध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि एमटीएनएलमधून निवृत्त झाले, त्यामुळे त्या एका टिकेकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. दोन करड्या टिका आल्या तर मेसेज फोनपर्यंत पोचलाय, माणूस बघत नाही. एकच टिक राहिली तर फोनच बंद आहे किंवा त्याला नेट नाही. पहिल्यात माणूस रुसलंय, झोपलंय, पडलंय, काहीही असेल. दुसऱ्यात नुसता चार्जरही बिघडलेला असू शकतो. पण ऐंशी ओलांडलेल्या एकट्या बाईचा फोन दिवसच्या दिवस बंद राहतो, तेव्हा चार्जरवर विसंबून चालत नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच चर्चासत्र सुरू झालं. धाकट्या काकांचं म्हणणं, ‘ती कुणाकडे राहायला गेली असेल, उगाच गाजावाजा नको.’ एका मावसभावाने तिचा फोटो आणि पत्ता फेसबुकवर टाकायला घेतला. त्याला मी ओरडूनच थांबवलं. एकटी म्हातारी बाई, घर बंद, फोन लागत नाही आणि हा पत्ता, ही जाहिरात नेमकी कुणाच्या उपयोगाची? शिवाय अशा पोस्टखाली ‘तुमची आत्या आमच्या हॉस्पिटलात आहे, पैसे पाठवा’ म्हणणारेही उगवतात. तिसऱ्याने सांगितलं, भारतीय वकिलातीला कळवा.

वकिलातीचं आधी सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तिकडेच धावतात. वकिलात ही भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. आत्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती भारताची नागरिक नाही. तिच्या बाबतीत वकिलात सदिच्छेपलीकडे फार काही करू शकत नाही, आणि मला फोनवर साधारण हेच ऐकवण्यात आलं. तुमचं माणूस अजून भारतीय पासपोर्टवर असेल, मुलीच्या बाळंतपणाला गेलेली आई असेल, ग्रीन कार्डवाला भाऊ असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार जरूर नोंदवावी. ते २०१५ पासून चालू आहे आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. पण तेव्हाही शेकडो मैलांवरच्या वकिलातीतून कुणी उठून दार वाजवायला जात नाही. तेही शेवटी तिथल्या पोलिसांनाच सांगणार.

ट्रंकच्या, म्हणजे परगावच्या कॉलच्या, बोर्डावर आम्हाला शिकवलेलं होतं की लाइन लागत नसेल तर आपल्या टोकाला खटपट करत बसू नका, पलीकडच्या एक्स्चेंजला विचारा. इथेही तेच. घराच्या सगळ्यांत जवळ जो सरकारी माणूस आहे त्याला गाठायचं, आणि अमेरिकेत तो म्हणजे स्थानिक पोलीस. एकट्या माणसाचा पत्ता लागत नसेल तर घरी जाऊन बघून येणं हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. त्याला ‘वेलफेअर चेक’ म्हणतात. नातेवाइकाने फोन केला की पुरतं, पैसे पडत नाहीत, आणि फोन परदेशातून आला म्हणून सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मात्र इथून ९११ फिरवून उपयोग नाही, तो तिकडे लागत नाही. प्रत्येक पोलीस खात्याचा तातडीशिवायच्या कामांसाठी दहा आकडी साधा नंबर असतो, तो पाहिजे. आता खातं कुठलं? आत्याच्या पत्त्यात डेटन लिहिलेलं, पण डेटन शहराच्या पोलिसांनी सांगितलं की हे घर आमच्या हद्दीत नाही. टपालाचं गाव एक आणि हद्द दुसरीच, असं तिकडे सर्रास असतं. तिचं घर शहराबाहेरच्या टाउनशिपमध्ये (आपल्या ग्रामपंचायतीसारखा भाग), तिथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफचा अंमल; शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. आपल्याकडे मुलुंड की नवघर पोलीस ठाणे, यावरून होतं तसलंच हे. फक्त तिकडे नंबर काढून दिला, टोलवलं नाही.

पुढची अडचण माझ्याच धंद्यातली निघाली. व्हॉट्सॲपवरून लँडलाइन लागत नाही. पूर्वी स्काइपवर थोडे पैसे भरून लागायची, पण स्काइप २०२५ च्या मे महिन्यात बंद झालं. माझ्या प्रीपेड मोबाइलवर आयएसडी नाही. ज्या घराने फुकट कॉलच्या जोरावर वर्षानुवर्षं अमेरिकेशी गप्पा मारल्या, त्या घरात अमेरिकेला साधा फोन लावता येईल असं एकही यंत्र नव्हतं! शेवटी सोसायटीतल्या एका मुलाच्या पोस्टपेडवरून लावला. हिवाळ्यात ओहायो आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. पण पोलिसांच्या कंट्रोल रूमला रात्र-दिवस नाही, तिकडची सकाळ व्हायची वाट बघत बसू नये.

फोनवरच्या बाई शांत होत्या आणि प्रश्न सरळ होते. पूर्ण नाव?

इथे मी अडकले. माहेरची आम्ही सगळी तिला कुसुमआत्या म्हणतो. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, ते आम्ही कधी तोंडात घेतलं नाही, आणि पासपोर्टवर त्याचं स्पेलिंग कसं केलंय ते कुणाला ठाऊक. जन्मतारीख? घरात सांगतात ती श्रावणातली, शाळेत लागली ती १ जून. गिरगावच्या खोलीच्या कागदपत्रांसाठी आत्याने पूर्वी धाकट्या काकांना मुखत्यारपत्र करून दिलं होतं, त्याला तिच्या पासपोर्टची झेरॉक्स जोडलेली होती. काकांनी कपाटातून ती काढली, फोटो पाठवला, आणि मग गाडी पुढे सरकली. ती झेरॉक्स नसती तर मी त्या बाईंना काय सांगितलं असतं, कोण जाणे. पुढचे प्रश्न असे: शेवटचं बोलणं कधी झालं, आजार कुठले, औषधं कुठली, चालताना काठी लागते का, किल्ली आणखी कुणाकडे असते, गाडी कुठली आहे, घरात कुत्रा आहे का, बंदूक आहे का. आत्याच्या घरात लाटण्याहून मोठं शस्त्र नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही, नुसतं ‘नो’ म्हटलं.

शेरीफची माणसं गेली. घंटा वाजवली, खिडकीतून डोकावले, शेजारी विचारलं. शेजारच्या बाईंना सगळं माहीत होतं. आत्या रस्त्याच्या कडेच्या टपालपेटीपर्यंत गेली आणि बर्फावरून घसरली, अँब्युलन्स आली, घेऊन गेली. त्या शेजारणीकडे आमच्यापैकी कुणाचाच नंबर नव्हता आणि आमच्याकडे तिचा नव्हता. इतकी वर्षं आत्याच्या तोंडून तिचं नाव आम्ही ऐकत आलो होतो!

हॉस्पिटलचं नाव पोलिसांनीच सांगितलं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हिपा कायदा तिकडे कडक आहे, म्हणून आमच्या घरात सगळ्यांनी आधीच हात टेकले होते. पण त्यातही सोय आहे. रुग्णाने स्वतः मनाई केली नसेल, तर पूर्ण नाव घेऊन विचारणाऱ्याला रुग्ण दाखल आहे का आणि प्रकृती साधारण कशी आहे, एवढं हॉस्पिटल सांगू शकतं. मी पासपोर्टवरचं नाव सांगितलं. तिथल्या ऑपरेटरने ‘होल्ड’ म्हटलं आणि थेट खोलीत लाइन दिली. आमच्या काळच्या पीपी कॉलसारखी, म्हणजे हव्या त्याच माणसाला बोलावून जोडून द्यायचो तशी.

‘अगं, पोलीस कशाला पाठवलेस? आता ती शेजारीण गल्लीभर सांगत सुटेल.’ हे आत्याचं पहिलं वाक्य. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आवाज ठणठणीत. मोबाइल पडला तिथेच बर्फात राहिला होता. आमचे सगळ्यांचे नंबर त्या मोबाइलमध्ये, त्यामुळे नर्सने विचारलं तर सांगणार काय? तिला पाठ होता तो चाळीखालच्या वाण्याचा जुना सहा आकडी नंबर, ज्यावर १९७१ पर्यंत आम्हाला निरोप यायचे. आणि हॉस्पिटलच्या कागदावर ‘संकटकाळी कुणाला कळवायचं’ या रकान्यात तिच्या यजमानांचं नाव. म्हणजे गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर. जुना फॉर्म, कुणी बदललाच नव्हता.

तिच्या रागावण्यातही मला तथ्य दिसतं. शहाण्या माणसाच्या दारात त्याला न विचारता पोलीस पाठवायचे म्हणजे काहीच नाही असं नाही. म्हणून हे आधीच बोलून ठेवावं: अमुक दिवस तुझा फोन नाही आला तर मी आधी शेजारणीला विचारीन, मग पोलिसांना. हेही लक्षात असू द्या की माणूस घरात धडधाकट सापडला आणि म्हणाला ‘नातेवाइकांना काही सांगू नका’, तर पोलीस फक्त ‘सुखरूप आहेत’ एवढंच कळवतात. आमच्या काकांना हे फार लागलं, पण तो त्या माणसाचा हक्क आहे.

इंग्लंडात ज्यांचं कुणी आहे त्यांना वेगळं सांगायला हवं. तिकडे ‘राइट केअर, राइट पर्सन’ नावाचं धोरण आलंय, लंडनच्या पोलिसांनी ते २०२३ च्या नोव्हेंबरपासून घेतलं. जिवाला धोका दिसत असेल तरच पोलीस येतील, नुसती काळजी वाटते म्हणून येतीलच असं नाही. तेव्हा तिथे शेजारी, आपल्या माणसाचा जीपी, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, आणि स्थानिक कौन्सिलचा वृद्धांची काळजी घेणारा विभाग यांचे नंबर आधीच घेऊन ठेवलेले बरे.

अमेरिकेत काही ठिकाणी शेरीफचं ऑफिसच एकट्या वृद्धांना रोज ठरल्या वेळी फोन करतं आणि उचलला नाही तर माणूस पाठवतं. नाव नोंदवावं लागतं, एवढंच. आत्याला मी हे सुचवलं तर म्हणाली, ‘रोज सकाळी पोलिसांशी काय बोलू?’ बघू, अजून मागे लागलेय.

माझी विनंती दोघांना आहे. उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून. गणपती आणि दिवाळी अंक त्यांच्याकडून चोख होतात. त्यांनी आपल्या एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांकडून भारतातल्या एका नातेवाइकाचं नाव-नंबर लिहून घेतला आणि त्या नातेवाइकाला मंडळातल्या एका माणसाचा नंबर दिला, तर खर्च काही नाही. आणि आपल्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी सभासदांची मुलं परदेशात कुठे आहेत हे लिहून घेताना, परदेशातल्या म्हाताऱ्या भावाबहिणींचाही रकाना ठेवावा. त्यात कागदोपत्री असलेलं नाव आणि जन्मतारीख, घर कुठल्या पोलिसांच्या हद्दीत, आणि शेजाऱ्याचा नंबर, इतकं आलं तरी पुष्कळ.

एक बारीक गोष्ट राहिली. आत्याने आता हॉस्पिटलच्या कागदावर यजमानांच्या जागी माझं नाव घातलंय. पण त्यांच्या फॉर्ममध्ये फोनला दहाच आकड्यांची जागा. आपला मोबाइलही दहा आकडी, म्हणून तो बसतो बिनतक्रार, आणि फिरवला की अमेरिकेतच कुणाला तरी लागू शकतो. तेव्हा ज्यांचं नाव असं लावलं जाईल त्यांनी आपला नंबर शेऱ्याच्या रकान्यात ०११-९१ सकट लिहून घ्यायला लावावा.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
मुलुंड (पूर्व), मुंबई
(नाव छापू नये. आत्या हे वर्तमानपत्र मोबाइलवर रोज वाचते.)