मु. पो. दुबई, पिन कोड नाही

अल कुसैस, दुबई
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. मनूला अनेक आशीर्वाद (त्याला हा शब्द आवडत नाही, म्हणून मुद्दाम).

मी मजेत आहे. तब्येत उत्तम, जेवण वेळेवर, वजन आईच्या मते कमी आणि माझ्या मते जास्त. बाकी रोजचं फोनवर बोलतोच, ते परत लिहीत बसत नाही. ऑफिसमधल्या वाशीच्या मॅडम गुरुवारी सुट्टीवर निघतायत, त्यांच्या बॅगेत थोडी जागा मिळाली. हे पत्र, खजूर, बाबांच्या गुडघ्याचा पट्टा आणि मनूचा चार्जर एवढं पाठवतेय. मनू वाशीला जाऊन घेऊन येईल, त्यांना ठाण्यापर्यंत हेलपाटा नको. अविधवा नवमी उद्याच आहे, त्यामुळे आजीच्या पानात हे खजूर काही पोचणार नाहीत. तिला किती आवडायचे! सर्वपित्रीला वाढले तर चालतील का बघ.

आता बाबा, तुमचा प्रश्न. दर फोनला तुम्ही विचारता, "पोस्टाने का नाही पाठवत? तुझा नीट पत्ता का नाही देत?" आणि मी विषय बदलते असं तुम्हाला वाटतं. मी काही लपवत नाहीये. एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे शंका राहायला नको.

इथे पोस्टमन दारावर येत नाही. पत्रं येतात ती पोस्ट ऑफिसातल्या पेटीत. भिंतभर छोटी छोटी कुलूपबंद कप्प्यांची कपाटं असतात, त्यातला एक कप्पा आमच्या बांधकाम कंपनीचा. आमचा मेसेंजर किल्ली घेऊन जातो आणि जे असेल ते पिशवीत भरून आणतो. म्हणून इथल्या कुठल्याही लेटरहेडवर बघा, रस्ता नाही, गल्ली नाही, "समोर", "मागे", "शेजारी" काही नाही. पी. ओ. बॉक्स, त्याचा नंबर, खाली दुबई. संपलं. पिन कोड नाहीच. फॉर्म भरतानाही पी. ओ. बॉक्सचा रकाना असतो, आणि ज्याची स्वतःची पेटी नसते तो कंपनीचा नंबर टाकतो. म्हणजे आमचे मोठे साहेब, मी आणि सळई बांधणारे सगळे गडी, कागदोपत्री एकाच कप्प्यात राहतो.

तुम्ही म्हणाल, मग बँकेचं कार्ड कसं येतं? कुरियरवाला फोन करतो, "मॅडम, लोकेशन?" मी व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकते. तो बिल्डिंगखाली येऊन पुन्हा फोन करतो, "मॅडम, कुठली बिल्डिंग?" मी सांगते, सुपरमार्केटच्या वरची. तो म्हणतो, कुठलं सुपरमार्केट? बरं, प्रत्येक इमारतीच्या दारावर 'मकानी' म्हणून दहा आकडी नंबराची पाटी असते. तो नंबर अ‍ॅपमध्ये टाकला तर थेट त्याच दाराशी आणून सोडतो, एका इमारतीला दोन दारं असली तर दोन वेगळे नंबर. इतकी चोख सोय आहे, आणि आमच्या वॉचमनला स्वतःच्या दाराचा नंबर सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. तुमची पोस्टातली सगळी नोकरी पहाटेच्या सॉर्टिंगमध्ये गेली, ४००६०२ मधली कुठली चाळ कोणाच्या बीटमध्ये हे तुम्ही झोपेत सांगाल. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात जाणार ही बातमी वाचून तुम्ही दोन दिवस गप्प होतात असं मनू म्हणाला. तुम्हाला इथे आणलं तर चार दिवसांत परत जाईन म्हणाल.

तेव्हा फराळ पाठवायचा तर कुरियरनेच, आणि डब्यावर माझा मोबाइल नंबर ठळक लिहा. पत्त्याचं काय लिहाल ते लिहा, वाचणार कोणी नाही. चकल्या वेगळ्या बांध, मागच्या वेळी चिवड्यात चुरा झाला होता. चुरासुद्धा खाल्ला, ती गोष्ट वेगळी.

आई, तू काळजी करतेस त्या गोष्टी एकेक करून निकालात काढते. दोह्यात परवा इस्रायलचा हल्ला झाला तो टीव्हीवर बघून तू रात्री दीड वाजता फोन केलास. दोहा कतारमध्ये आहे. देश वेगळा, मध्ये समुद्र. इथे दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीसारखे कामावर होते. उन्हाचं म्हणशील तर मी उन्हात उभी राहत नाही, माझं ऑफिस साइटवरच्या पोर्टाकेबिनमध्ये आहे आणि त्यात एसी एवढा असतो की मी शाल घेऊन बसते. बाहेर काम करणाऱ्यांसाठीही इथे नियम आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद. मोडला तर कंपनीला दंड. उद्या त्याचा शेवटचा दिवस. त्या वेळात माणसं मंडपाखाली ओळीने आडवी होतात, आणि त्यांच्यामधून जाताना मी चपलांचा आवाज होऊ देत नाही. रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं का? नाही. उन्हाळ्यात काँक्रीट बरेचदा रात्री ओततात हे खरं, पण तेव्हा मी घरी असते. माझं काम आधीच झालेलं असतं, कन्सल्टंटची (म्हणजे मालकाच्या वतीने आमचं काम तपासणाऱ्यांची) तपासणी होऊन सहीचा कागद फाइलला लागल्याशिवाय पहिला मिक्सर गेटच्या आत येत नाही.

गणपतीत आत्या विचारत होती म्हणे, "सेक्रेटरी म्हणजे नक्की काय करते गं? साहेबाची पत्रं टाइप करते?" करते. साहेबांचं विमानाचं तिकीटही काढते, मीटिंगचे मिनिट्स लिहिते, कोणाची रजा, कोणाचा गेटपास, तेही बघते. पण आत्याला सांग, या इमारतीचा एक कागद इकडचा तिकडे होतो तो माझ्या रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय होत नाही. टाइल्सचा नमुना असो की लिफ्टचं ड्रॉइंग, आम्ही कन्सल्टंटकडे पाठवायचं आणि त्याने शिक्का मारून परत करायचं. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर, सी म्हणजे सुधारून परत आणा, डी म्हणजे नामंजूर. बी वर आमचे इंजिनीअर पेढे वाटायच्या बेतात असतात.

ड्रॉइंग बदललं की नवीन रिव्हिजन येते. मग जुन्याची प्रत ज्याच्या ज्याच्या हातात असेल ती गोळा करणं हे माझं काम. आमचा सळईचा फोरमन राजस्थानातल्या शेखावाटीचा आहे, पन्नाशीचा, मला "बेटी" म्हणतो आणि जुना कागद परत द्यायला कुरकुरतो. कागद चार घड्या घालून हेल्मेटच्या आत कोंबलेला असतो, घामाने घड्यांवर पिवळा पडलेला. कोऱ्या बाजूला पेन्सिलीने त्याचा स्वतःचा हिशेब: कुठल्या मापाच्या किती सळया आल्या, किती उरल्या, आणि एका कोपऱ्यात घरी पाठवायच्या पैशांची बेरीज. मी आधी त्या मागच्या बाजूची झेरॉक्स काढून त्याच्या हातात ठेवते. मगच पुढच्या बाजूला लाल शिक्का मारते, 'सुपरसीडेड', म्हणजे हा कागद आता बाद. शिक्का अर्धवट उमटला तर पुन्हा मारते. जुन्या कागदावरून जिन्याची सळई बांधली गेली तर वर काँक्रीट पडल्यावर ती कोणाला दिसणार? हे आत्याला सांगितलंस तर ती म्हणेल, म्हणजे शिक्केच मारते ना. म्हणू दे.

आता सोसायटीच्या पुनर्विकासाचं. मनूने पाठवलेले करारनाम्याच्या मसुद्याचे फोटो मी दोन रात्री बसून वाचले. मनू, फोटो तिरके आहेत आणि एका पानावर तुझा अंगठा आहे. बाबा, बिल्डर चांगला माणूस आहे, नौपाड्यात त्याच्या दोन बिल्डिंग उभ्या आहेत, हे तुम्ही सांगितलंत आणि मला मान्य आहे. पण मी माणसाबद्दल नाही, कागदाबद्दल बोलतेय. मसुद्यात 'परिशिष्ट क प्रमाणे सोयीसुविधा' असं तीनदा लिहिलंय आणि परिशिष्ट क जोडलेलंच नाही. नळ कुठला, फरशी कुठली, खिडकी कसली, सगळं त्यातच असणार. क्षेत्रफळापुढे नुसतं 'कार्पेट' आहे, तिथे 'रेरा कार्पेट' लिहून घ्या. रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या, व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. नुसतं कार्पेट म्हटलं की कोण कशात काय मोजेल सांगता येत नाही. भाडं 'तीस महिने' लिहिलंय. तिसाव्या महिन्यात इमारत नुसतीच उभी असेल तर? भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळेपर्यंत भाडं, असं हवं. आणि पुनर्विकासाबाबत सरकारचा ४ जुलै २०१९ चा निर्णय आहे, त्यात प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी विकासकाने सोसायटीला द्यायची असं आहे. ती या मसुद्यात मला कुठे दिसली नाही. कमिटीतले काका चिडतील, म्हणतील दुबईत बसून पोरगी अक्कल शिकवते. माझं नाव सांगू नका, तुमचंच म्हणून मांडा.

भाड्याचं घर कळव्याला बघा किंवा खोपटला, पण घोडबंदरला नको. घर मोठं मिळेल, पण तिथून स्टेशन गाठताना मनूची रोजची लोकल चुकेल.

आज संध्याकाळी इथे भारत-पाकिस्तान सामना आहे. तिकीट नाही काढलं, मनू, त्या पैशांत तुझे बूट येतात. आमचा वॉचमन पेशावरचा आहे. आज तो आणि आम्ही बिल्डिंगमधले भारतीय सकाळपासून एकमेकांशी जरा जास्तच सभ्यपणे वागतोय.

बरं. लिहायचं ते टाळत इतकी पानं झाली. माझा व्हिसा या महिन्यात संपत होता आणि मी नूतनीकरणाच्या कागदावर सही केली. तो दोन वर्षांचा असतो. फोनवर सांगणार होते, पण आई, तू "बरं" म्हणतेस ना तसं म्हणाली असतीस आणि मग मला पुढचं काही सांगता आलं नसतं. पुढचं असं की बिल्डर देतोय त्यापेक्षा ९० फूट जास्त घेतले तर तुम्हाला देवघराची वेगळी जागा निघते आणि मनूला दाराची खोली. त्या ९० फुटांचे पैसे मी देणार आहे. दिरहम सध्या चोवीस रुपयांच्या आसपास आहे, अशा भावात थांबणं शहाणपणाचंच. शिवाय पाच वर्षं पुरी झाली की पुढच्या प्रत्येक वर्षाची ग्रॅच्युइटी एकवीसऐवजी तीस दिवसांच्या मूळ पगाराने धरतात. हिशेब करूनच ठरवलंय, भावनेच्या भरात नाही. पहिला हप्ता घटस्थापनेच्या दिवशी बाबांच्या खात्यात जमा होईल. बाबा, तो परत पाठवायचा नाही आणि माझ्या नावाने एफडीही करायची नाही.

आणि हो, कामही आवडतं. सुट्टीवर असले की साइटवरून फोन येतात, अमुक पत्र कुठे आहे, तमुक ड्रॉइंगची कितवी रिव्हिजन चालू आहे. मला त्या फोनांचा राग येत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर घर रिकामं करायचं म्हणालात. तेव्हा इथे टॉवरचा वरचा स्लॅब असेल, रजा मिळणार नाही. या घरातला शेवटचा गणपतीही मी व्हिडिओवरच पाहिला, त्यामुळे तुम्ही काही बोलला नाहीत तरी मला कळतं. माळ्यावरची माझी ट्रंक उघडायची असेल तर उघडा. कॉलेजच्या वह्या रद्दीत द्या. बाकी काय ठेवायचं ते आईने ठरवावं, मला विचारू नका, मी सगळंच ठेवा म्हणेन.

पितृपक्षात लग्नाचा विषय काढायचा नसतो हे माहीत आहे, पण मॅडम आत्ताच निघतायत, त्याला मी काय करू? ऐरोलीचं स्थळ मला बी वाटतं, शेऱ्यांसह मंजूर. बोलायला माझी हरकत नाही. पण त्यांना "येणारच आहे आता परत" असं सांगू नकोस. दोन वर्षं म्हणून सांग आणि मग त्यांना विचारायचं ते विचारू दे. नाही म्हणाले तर तू रडायचं नाहीस. मनूचं मात्र माझ्यासाठी थांबवू नका. थोरलीचं राहिलंय म्हणून धाकट्याचं कसं करायचं, हे आत्या बोलेल, तू बोलू नकोस. त्या मुलीच्या घरचे आणखी वर्षभर थांबणार नाहीत आणि का थांबावं त्यांनी? दसऱ्यानंतर जाऊन बोलणी करून या. हॉलचे पैसे माझ्याकडे वेगळे आहेत, ९० फुटांतले नाहीत. तारीख ठरली की महिनाभर आधी सांगा, त्या रजेसाठी मी साहेबांशी भांडेन.

आई, बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी घ्यायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो माझ्याकडे आहे.

तुमची,
मंजू

ता. क. मनू, परिशिष्ट क आलं की फोटो नको, पीडीएफ पाठव. आणि मी होय म्हणेपर्यंत बाबांना पेन देऊ नकोस.