लेखी द्या, मगच उठतो

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लगेच लिहिणार होतो, पण तू शेवटी जो प्रश्न टाकला आहेस त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना. डोंगराच्या कुशीत खडीचा क्रशर सुरू झाल्यापासून अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवर पांढरी धूळ बसते, सुरुंगाच्या हादऱ्याने तुमच्या विहिरीच्या कठड्याला तडा गेला, आणि हे सगळे सोसूनही वाडीतले लोक ‘आपल्यासारख्या चार जणांनी बोलून काय होणार’ असे म्हणत घरी बसतात, असे तू लिहिलेस. खरे सांगायचे तर पत्राच्या सुरावरून तूही त्यांच्यातलाच एक होऊ पाहतो आहेस असे मला वाटले.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर जे धान्य मिळे ते निवडताना ती रोज कोणाला ना कोणाला शिव्या देई, पण त्या उंबऱ्याबाहेर जात नसत. मग त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका व्यासपीठावर आल्या, आणि आमच्या चाळीतल्या अकरा जणी हातात थाळी आणि लाटणे घेऊन, ती वाजवत मोर्चाला गेल्या. आईही गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा आमच्या पितळी थाळीच्या काठाला पोचा आला होता. तो पाहून वडील काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लाटण्याने पोळ्या झाल्या. ती थाळी अजून माझ्याकडे आहे. आईला राजकारण कळत होते असे मी म्हणणार नाही. तेलाचा भाव मात्र तिला कोणत्याही मंत्र्यापेक्षा जास्त कळत होता, आणि मोर्चाला जायला तेवढे पुरेसे होते. त्याच मृणालताई गोरेगावच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडून ‘पाणीवाली बाई’ झाल्या होत्या आणि १९७७ साली लोकसभेत निवडून गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही तेव्हाची घोषणा तुलाही आठवत असेल. आपण हसत हसत ती भिंतीवर वाचायचो, पण त्या एका ओळीमागे नळाच्या एकेका जोडणीसाठी घातलेले किती हेलपाटे होते, हे कळायचे आपले तेव्हा वय नव्हते.

हे सगळे मला नव्याने उमगले ते मार्च २०१८ मध्ये. किसान सभेचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या डाव्या संघटनेचा मोर्चा ६ तारखेला नाशिकहून निघाला, कसारा घाट उतरला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून रविवारी, ११ तारखेला मुंबईत शिरला. मुक्काम चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर होता. आमच्या सोसायटीतले सात-आठ जण बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तिकडे गेलो. वर्तमानपत्रांनी नंतर छापलेले ते फाटलेले तळपाय मी प्रत्यक्ष पाहिले, त्याविषयी वेगळे लिहीत नाही. ते छायाचित्र तूही पाहिले आहेस. मला आठवतो तो सुरगाण्याकडचा एक म्हातारा. मी त्याला नवी चप्पल देऊ लागलो तेव्हा त्याने ती बाजूला ठेवली आणि खताच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा काढून विचारले, ‘‘दादा, इथं जवळ झेरॉक्स कुठं मिळंल?’’ रेशनकार्ड, दंडाची जुनी पावती, आणि वनहक्काच्या दाव्याची पोच, जिच्यावरचा शिक्का जवळजवळ पुसत आला होता. सहा दिवस चालताना त्याला पायांपेक्षा त्या शिक्क्याची काळजी अधिक होती. रविवारी रात्री दुकान कुठले उघडे असणार! शेवटी आमच्यातल्या एकाने मोबाइलवर त्या कागदांचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी छापून आझाद मैदानावर नेऊन दिले.

ती पोच एवढी मोलाची का, हे मला तेव्हा नीट कळले नव्हते. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो त्याला त्या जमिनीचा, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मिळावा असे तो सांगतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे, आणि तिथून जिल्हा समितीकडे. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा नियमांनी ग्राह्य मानला आहे. कागदावर याहून उदार कायदा मिळणे कठीण. पण प्रत्यक्षात दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, कित्येक फेटाळले गेले, आणि ज्यांना पट्टे मिळाले त्यांतही चार एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचाच कागद पडल्याच्या तक्रारी होत्या. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याला स्थगितीही दिली. त्या पंधरा दिवसांत मला तो म्हातारा आणि त्याची प्लॅस्टिकची पिशवी वारंवार आठवत होती.

मोर्चा सोमवारी सकाळी विधानभवनाकडे निघणार होता. पण दहावीची परीक्षा चालू होती, आणि पन्नास हजार माणसे सकाळी रस्त्यावर उतरली तर मुले केंद्रावर पोहोचणार कशी, म्हणून मध्यरात्रीनंतरच निघायचे ठरले. दिवसभर उन्हात चाललेली माणसे दोन-तीन घटका पाठ टेकून पुन्हा उठली आणि फारशा घोषणा न देता चालू लागली. अंधारात नुसता पायांचा आवाज येत होता. पहाटेपर्यंत ते आझाद मैदानावर होते आणि परीक्षेची मुले आपापल्या वेळेला आपापल्या केंद्रावर. शांततामय आंदोलन म्हणजे दुबळ्यांचा मार्ग, असे तुझे जुने मत आहे. गर्दीच्या हाती शहर असताना ते अडवायचे नाही असे ठरवून, ठरल्याप्रमाणे वागण्याला दुबळेपणा म्हणता येईल का, याचा तूच विचार कर. एरवी शेतकरी मोर्चाला नाक मुरडणारे मुंबईकर त्या सकाळी पोहे आणि चहा घेऊन मैदानावर आले, ते या एका रात्रीमुळे.

या मोर्चामागे लाल बावटा होता, हा तुझा आक्षेप मला ठाऊक आहे. होता, म्हणूनच तर तो नीट पोहोचला. पुढे टेम्पोतून गेलेले तांदूळ आणि पातेली, गावागावांतून शिधा गोळा करणारे कार्यकर्ते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी माणसे, हे सारे संघटनेशिवाय उभे राहत नाही. झेंड्याचा रंग तुला आवडो वा न आवडो, आयत्या वेळी हाक मारून अशी माणसे जमत नाहीत.

१२ मार्चला सरकारने मागण्यांवर लेखी आश्वासन दिले आणि माणसे खास रेल्वेगाड्यांनी घरी गेली. ‘लेखी द्या, मगच उठतो’ हे आपल्याकडच्या प्रत्येक ठिय्याचे पालुपद, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. कारण तोंडी शब्द सभेबरोबर विरतो, कागद मात्र पुढच्या वर्षी समोर ठेवता येतो. तो ठेवावाही लागला. आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसे पुन्हा निघाली आणि चर्चेनंतर नाशिकजवळूनच परतली. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून आणखी एक मोर्चा निघाला; तो वासिंदला थांबून राहिला, त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यूही झाला, आणि सभागृहात निवेदन झाल्यावरच तो मागे घेतला गेला. पाच वर्षांत तीनदा त्याच वाटेवर! यात तुला अपयश दिसेल. मला त्यात उधारी वसूल करणाऱ्या माणसाची चिकाटी दिसते: वही जवळ आहे, तारीख लिहिलेली आहे, आणि देणेकरी कितीही मोठा असला तरी दारात पुन्हा जाऊन उभे राहायचे आहे.

आता माझी स्वतःची हकिकत सांगतो, म्हणजे मी केवळ दुसऱ्याच्या पायांवर पत्र लिहितो आहे असे तुला वाटणार नाही. आमच्या रस्त्यावर शाळेसमोरच्या गटाराची तीन झाकणे गायब झाली होती. मी संबंधित कार्यालयात अर्ज नेला. खिडकीवरच्या गृहस्थांनी तो घेतला, टेबलावर टाकला आणि ‘साहेब साइटवर आहेत’ म्हणाले. मी मूर्खासारखा परत आलो, कारण पोच घेतली नव्हती. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा असा अर्ज आलाच नाही असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे ठरवायला माझ्याकडे काही नव्हते. दुसऱ्या वेळी दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडली नाही. मागे रांगेतले लोक वैतागले, त्यांची क्षमा मागितली. महिन्याभराने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. त्यात ‘झाकणे का बसवली नाहीत’ असे विचारले नाही, कारण ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात असे एका जाणत्याने बजावले होते; त्याऐवजी अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला, त्याच्या प्रती मागितल्या. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. बाविसाव्या दिवशी झाकणे बसली, आणि त्यानंतर आठवड्याने उत्तर आले की, काम पूर्ण झाले आहे. आठ महिन्यांनी त्यांतले एक झाकण पुन्हा चोरीला गेले. मी पुन्हा दोन प्रती काढल्या.

म्हणून तुम्ही चार जणांनी काय करावे ते लिहितो. उपोषणाचा मंडप आत्ताच घालू नका. तुझ्या भाच्याला त्याची फार हौस दिसते, पण फोटोपुरते बसून लिंबूसरबतावर उठणारे उपोषण क्रशरवाल्याला एका दिवसात कळते. आधी ग्रामपंचायतीने ना-हरकत ठराव कधी केला, तहसील कार्यालयाने कोणत्या अटींवर परवानगी दिली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात धुळीसाठी पाणी मारणे, आडोसा उभारणे असे काय काय लिहिले आहे, याच्या प्रती मागवा. मग १५ ऑगस्टची ग्रामसभा धरा. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा म्हणून आधीच लेखी द्या. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून तो शेवटी ढकलला गेला तर तोवर सगळे जेवायला गेलेले असतात. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात, आणि सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला तीही अट उरत नाही. तेव्हा तहकुबीच्या सभेला मूठभर माणसांनी आपल्या सोयीचा ठराव करून घेतला असे होऊ द्यायचे नसेल, तर पहिल्याच दिवशी वाडीतल्या बायकांना घेऊन जा.

बायकांना घेऊन जा हे मी उगाच म्हणत नाही. ज्या गावांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडले तिथले गणित आठव: पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या झाल्यावर उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान होते, पण दुकान बंद व्हायला आलेल्या मतांच्या नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी राहिली तिचे मत आपोआप दुकानाच्या पारड्यात. तरीही गावांनी ते करून दाखवले, कारण बायकांनी आजारी सासूला खाटेवर घालून आणली आणि शेतावर गेलेलीला बांधावरून बोलावली. तुमच्या ग्रामसभेला एवढेही करावे लागणार नाही.

पहिल्या अर्जाचा मसुदा या पत्रासोबत जोडला आहे. गट नंबर आणि तारीख तू घाल, दोन प्रती काढ, आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला त्याच दिवशी पाठव. सौ. विचारते आहे की यंदा आमसुले येणार की नाही. धूळ असली तरी पाठव, आम्ही धुऊन घेऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा जुना बाकसोबती